बॅकअपच्या फाईली दुसऱ्या ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या तर वेळेला चालतात का?

खातेवही (सांगली)
नमस्कार मंडळी. गणपती पेठेत आमचं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. टॅली, जीएसटीची रिटर्नं, पक्षकारांचे स्कॅन केलेले दस्त, सगळं एका मुख्य कॉम्प्युटरवर. रोज रात्री त्याचा इमेज बॅकअप (म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, फाईली अशी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) टेबलावरच्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर जातो. रविवारी पूर्ण, बाकीच्या दिवशी फक्त जेवढं बदललं तेवढं. एका आठवड्याचा सगळा मिळून साधारण ४०० जीबी होतो.

आता दुसरा ड्राइव्ह घेतलाय. पहिल्यावर तयार झालेल्या फाईली सरळ दुसऱ्यावर कॉपी-पेस्ट केल्या तर चालेल का? पहिला ड्राइव्ह गेला तर त्या कॉपीवरून मशीन पुन्हा उभं राहील, की त्या फाईली फक्त मूळ ठिकाणावरूनच उघडतात? आमचा हार्डवेअरवाला म्हणतो, कॉपी नको, दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळाच बॅकअप लावा. धाकटा भाऊ म्हणतो, एकदा झालेलं काम दोनदा कशाला, कॉपीच करा. दोघंही ठाम आहेत.

जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपन्यांची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपायची असतात. हे लोकांचे कागद आहेत, आपल्या विश्वासावर ठेवलेले. म्हणून नीट विचारून घेतेय.

मिरजकर_तात्या
चालतं. आमच्याकडे कायम तसंच करतात. जाणकार सविस्तर सांगतीलच.

वायरमन_नेटवर्कवाला
ताई, फाईलींना जागा बिगा काही लक्षात राहत नाही. बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, कुठली फाईल वापरू असं ते विचारतं, तेव्हा दुसऱ्या ड्राइव्हवरची दाखवायची. बहुतेक सगळ्या इमेज प्रोग्रॅममध्ये हे असंच आहे.

पण तुमचा बॅकअप साखळीचा आहे, आणि खरी मेख तिथं आहे. रविवारची पूर्ण फाईल, मग सोमवारची, मंगळवारची. सोमवारच्या फाईलीत फक्त रविवारनंतर बदललेलं असतं, मंगळवारच्या फाईलीत फक्त सोमवारनंतरचं. आता बुधवारची फाईल कॉपी व्हायची राहिली असं समजा. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार ड्राइव्हवर डोळ्यांना दिसतील, आकारही बरोबर दिसेल, पण त्यांचा उपयोग शून्य. तुम्ही मंगळवारपर्यंतच परत जाऊ शकता. रविवारची खराब झाली तर आठवडाच गेला. म्हणून एकेक फाईल निवडून कॉपी करू नका, पूर्ण फोल्डर न्या. नावं बदलू नका. आणि बॅकअप चालू असताना तर अजिबात कॉपी करू नका, अर्धी लिहिलेली फाईल उचलली जाईल.

काही प्रोग्रॅममध्ये 'डिफरन्शियल' असा पर्याय असतो. त्यात प्रत्येक फाईल थेट रविवारशी जोडलेली असते, मधलं कुणी लागत नाही. जागा जास्त खातो, पण कॉपी करणाऱ्याला सोपा.

हळद_अडत
तांत्रिक बाजू जाणकार सांगतीलच. मी एकच विचारतो. दुसरा ड्राइव्ह ठेवणार कुठं?

खातेवही
@हळद_अडत दादा, ऑफिसातल्याच लोखंडी कपाटात ठेवायचं म्हणत होतो. चावी माझ्याकडेच असते.

हळद_अडत
मग ताई, तो दुसरा ड्राइव्ह धरूच नका. गणपती पेठेत २०१९ ला पाणी कुठवर होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कपाट लोखंडी असो नाहीतर सागवानी, पाण्याला काय त्याचं.

आमच्या धंद्यातलं सांगतो. हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली कोरडी ठणठणीत, वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. साठवण म्हणून त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. २००५ च्या पुराचं पाणी पेवात शिरलं आणि एकेका व्यापाऱ्याचा सगळाच्या सगळा माल एका झटक्यात गेला. साठवणीत खोट नव्हती. सगळं एका पातळीवर, एका जागी होतं एवढंच. तुमचे दोन ड्राइव्ह एका कपाटात म्हणजे तेच झालं की.

विश्रामबाग_१०० फुटी
हळद_अडत यांना शंभर टक्के अनुमोदन. पण मूळ प्रश्नावर मी हार्डवेअरवाल्याच्या बाजूची. कॉपी म्हणजे पहिल्यातला दोषही जसाच्या तसा दुसऱ्यावर नेणं. पहिल्या ड्राइव्हवर एखादा सेक्टर गेला, फाईल आतून बिघडली, तर तुम्ही बिघडलेली फाईलच मोठ्या निष्ठेने कॉपी करत बसाल. दोन्हीकडे एकच आजार. वेगळा बॅकअप लावला तर दोन स्वतंत्र प्रती तयार होतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

वायरमन_नेटवर्कवाला
@विश्रामबाग ताई, मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर इलाज आहे. प्रोग्रॅममध्ये 'व्हेरिफाय' असतं, कॉपी करण्याआधी ते पहिल्या ड्राइव्हवर चालवायचं. मूळ फाईल धड आहे का ते तिथं कळतं. मग कॉपी. मग दोन्ही फाईलींचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढायचा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. तिला हॅशफाईल, फाईलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ एवढं दिलं की अक्षर-आकड्यांची ६४ खुणांची ओळ मिळते. दोन्हीकडची ओळ तंतोतंत जुळली तर कॉपी पक्की. एक बिट जरी इकडचा तिकडं झाला तरी पूर्ण ओळ बदलते. मात्र क्रम महत्त्वाचा. हॅश जुळला म्हणजे कॉपी मुळासारखी आहे एवढंच ठरतं, मूळ चांगलं होतं हे ठरत नाही.

पेठेतला_पंप
आमच्या साहेबांचा पासवर्ड आणि सही दोन्ही मुळासारखी कधीच येत नाही, त्यांनाही हॅश लावता येईल का? 😀

गावभागातला
पुराचा विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं सांगून ठेवतो, कारण पाणी ओसरल्यावर लोक घाईत जे करतात त्यानं वाचण्यासारखा डेटाही जातो.

साध्या हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं. शेजारी बारीक अक्षरात ते झाकू नका असं छापलेलं असतं. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याला गाळणी असते, पण पुराच्या पाण्यापुढं गाळणी काय करणार. गाळ आत जातो आणि तबकडीवर बसतो. वाचणारं टोक तबकडीपासून केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. अशा डिस्कला करंट दिला की ते टोक गाळावरून घासत जातं आणि तबकडी कायमची खरवडली जाते. म्हणून भिजलेला ड्राइव्ह 'चालतो का बघू' म्हणून एकदासुद्धा लावायचा नाही. उन्हात वाळवायचा नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाच्या डब्यात तर मुळीच नाही. वाळला की गाळ आत घट्ट चिकटतो. ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. खर्च मोठा आहे आणि हमी कुणीच देत नाही.

आमच्या गल्लीत २०१९ ला तळमजल्यावरचं काही म्हणता काही वाचलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर शेजारच्या दुकानदारानं काऊंटरचा खण ओढला तर तो फुगून अडकला होता. पटाशीनं उचकटला. आत बिलबुकांचा लगदा, आणि त्या लगद्यात एकाला एक चिकटलेले दोन ड्राइव्ह. त्यानं मोठ्या काळजीनं दोन प्रती केल्या होत्या.

खातेवही
@गावभागातला हे वाचून अंगावर काटा आला. कपाटाचा विचार आत्ताच सोडला. विश्रामबागला मोठ्या बहिणीचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर.

ऊसतोड_ते_कोडिंग
भावांनो, २०२६ साल चाललंय आणि आपण ड्राइव्ह पिशवीत घालून विश्रामबागला नेतोय? क्लाउडवर टाका आणि निवांत झोपा.

वायरमन_नेटवर्कवाला
@ऊसतोड भावा, गणित मांडू. ४०० जीबी, अपलोडचा वेग २० एमबीपीएस धर. सलग, न तुटता, ४४ तासांच्या वर. आणि परत आणताना? ऑफिस बंद, पक्षकार दारात, रिटर्नची तारीख परवा. ड्राइव्ह हाताशी असेल तर निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टवरून हेच तासा-दीड तासात होतं. जुन्या यूएसबी २ पोर्टला लावलं तरी साडेतीन-चार तासांत.

क्लाउड वाईट नाही. पण तिथंही 'कुठं आहे' हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. तिथं आग, इथं कृष्णामाई.

कर_ना_डर
टॅलीचा डेटा आणि मशीनची इमेज हे दोन वेगळे विषय करा असं सुचवीन. इमेज अवजड, ती ड्राइव्हवर. टॅलीचा डेटा त्या मानानं खूप लहान, त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी क्लाउडवर सहज जातो. कंपनी पक्षकार असतील तर लक्षात ठेवा, पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा असा २०२२ पासून नियम आहे. ती जबाबदारी कंपनीची, पण विचारतात आपल्यालाच.

शाहूपुरी_सातारा
आमच्या साताऱ्यात पेठेत पूर येत नाही, पण वळवाच्या विजा? मे महिन्यात दुपारी चारला आभाळ भरून आलं की आमच्याकडं पहिलं काम म्हणजे सगळ्याचे प्लग काढणं. यूपीएस असला तरी कडाका पडला की पोर्ट उडतात. मशीनला जोडलेला ड्राइव्ह त्याच झटक्यात जातो. म्हणून माझं सरळ मत: बॅकअप झाला की वायर काढायची. रात्रंदिवस लावून ठेवलेला ड्राइव्ह सुरक्षित नाही.

विश्रामबाग_१०० फुटी
+१. आणि वीज सोडा, खंडणीवाले व्हायरस. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला होता आठवतंय? असले प्रकार जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाईली कुलूपबंद करतात, बॅकअपच्या फाईली तर आधी शोधतात. काढून ठेवलेल्या ड्राइव्हला काही करता येत नाही.

दर्ग्याजवळचा
थोडं अवांतर, पण विषय एकच आहे. मिरजेच्या दर्ग्यातल्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, बाहेरगावच्यांनाही माहीत असेल. आमच्या वडिलांनी पुढच्या रांगेत बसून कितीतरी वर्षं त्या सभेच्या कॅसेटी भरल्या. आता मी त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतोय. न दाबलेल्या स्वरूपात ठेवतो, मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाला ६०० एमबी जातात. टेप पुष्कळ ठिकाणी बुरशीनं धरलीय. एकदा वाजवताना पावडर सुटते, दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नाही. काही कॅसेटी उतरवल्यानंतर तुटल्या. म्हणजे आता जी फाईल आहे तीच मूळ, मागे दुसरं काही उरलेलं नाही.

यावर वायरमन दादांनी सांगितलेला हॅश मी फार मनापासून करतो. प्रत्येक फाईलीची ओळ एका साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवलीय आणि ती तिन्ही ड्राइव्हवर आहे. दिवाळी आणि उरूस असं वर्षातून दोनदा सगळ्या फाईली पुन्हा तपासतो. एका वर्षी एका ड्राइव्हवरच्या एका भैरवीची ओळ जुळली नाही. ऐकताना काही कळत नव्हतं, फाईल उघडत होती, वाजत होती. मग हेडफोन लावून ऐकलं, तानपुऱ्यात एके ठिकाणी बारीकसा 'टक्' आवाज. दुसऱ्या ड्राइव्हवरून चांगली प्रत परत आणली. ओळ लिहिलेली नसती तर ती टक् पुढच्या सगळ्या प्रतींत गेली असती आणि ती टेपचीच आहे असं आम्ही मानलं असतं.

मिरजकर_तात्या
@दर्ग्याजवळचा वा! हे काम मोठं आहे. एकदा भेटायला येतो, भडंग घेऊन. तुमच्या वडिलांच्या शेजारी बहुधा आमचेच वडील बसत असतील.

दर्ग्याजवळचा
या की तात्या, दार उघडंच आहे.

नवीन_दुकान
माझी पण शंका. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह रिकामा आहे, पण १८ जीबीची बॅकअप फाईल घेतच नाही. 'फाईल फार मोठी आहे' म्हणतं. पेन ड्राइव्ह बनावट असेल का?

वायरमन_नेटवर्कवाला
@नवीन_दुकान बहुतेक नाही. तो फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर बसत नाही, जागा कितीही असो. आतलं आधी दुसरीकडं काढून घ्या आणि एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण पेन ड्राइव्हवर कायमचा बॅकअप ठेवू नका. इकडून तिकडं न्यायला ठीक.

हळद_अडत
बरं, आमच्या दिवाणजींनी रोबोकॉपी म्हणून काहीतरी लावून दिलंय, शनिवारी आपोआप होतं. ते बरं का?

वायरमन_नेटवर्कवाला
@हळद_अडत दादा, रोबोकॉपी उत्तम, विंडोजमध्येच असतं. मध्येच काही राहिलं तर पुढच्या वेळी फक्त राहिलेलं उचलतं. पण आज्ञेत 'एमआयआर' हा पर्याय आहे का ते दिवाणजींना विचारा. मिरर म्हणजे आरसा. पहिल्या ड्राइव्हवरून जे पुसलं ते दुसऱ्यावरूनही पुसतो. पहिला ड्राइव्ह कुणी चुकून रिकामा केला आणि शनिवार उजाडला तर दुसराही रिकामा. त्याऐवजी नुसता 'ई' घाला, तो उपफोल्डरांसकट कॉपी करतो आणि काही पुसत नाही. आणि 'आर' व 'डब्ल्यू'ला छोटे आकडे द्या, म्हणजे पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचा आणि मध्ये किती सेकंद थांबायचं. दिले नाहीत तर एका अडकलेल्या फाईलसाठी तो दहा लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतो. सोमवारी सकाळी पण तिथंच बसलेला दिसेल.

हळद_अडत
दिवाणजींना आत्ताच फोन लावला. 'एमआयआर' आहे म्हणाले. काढायला सांगितलं. धन्यवाद भावा, हा धागा मला फळला.

कर_ना_डर
३१ मार्च हा जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळतात. आपल्या धंद्यातल्या माणसाला त्या दिवशी जेवायलाही सवड नसते, तेव्हा आपण तो वटपौर्णिमेला पाळावा. पावसाच्या तोंडावर येतो आणि तारीख घरात कुणी ना कुणी आठवण करून देतंच.

विश्रामबाग_१०० फुटी
@कर_ना_डर हे आवडलं. 😀

पण खातेवही ताईंचा प्रश्न अर्धवट राहिलाय, म्हणून पुन्हा येते. कॉपी की वेगळा बॅकअप? वायरमन दादांच्या तपासणीनंतर कॉपीला माझा विरोध उरला नाही. मात्र एक अडचण कुणी मांडली नाही. कॉपी करायची तर दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी, एकाच ऑफिसात, एकाच मशीनला लावावे लागतात. तेवढा वेळ तुमच्या सगळ्या प्रती एका छताखाली, एका वायरीवर. वीज, व्हायरस, हातातून पडणं, सगळ्याला एकच संधी पुरते.

त्यापेक्षा ड्राइव्ह आलटून-पालटून वापरा. या आठवड्यात 'अ' ऑफिसात आणि 'ब' बहिणीकडे. शनिवारी 'अ' काढून घ्या, बहिणीकडे पोचवा, येताना 'ब' आणा. रविवारी 'ब'वर नवीन पूर्ण बॅकअप सुरू होईल, पुढची साखळी त्याच्यावर. दोन्ही ड्राइव्हवर आपापली संपूर्ण साखळी, आणि अदलाबदलीपुरतेच दोघं एका घरात, तेही कोरड्या दुसऱ्या मजल्यावर.

वायरमन_नेटवर्कवाला
ताई, मान गये. हे माझ्यापेक्षा नीट मांडलंत. एकच भर. यात ऑफिसातला ड्राइव्ह आणि मशीन एकदम गेलं तर बहिणीकडची प्रत आठवडाभर जुनी असू शकते. म्हणून कर_ना_डर म्हणतात तसा टॅलीचा डेटा रोज वेगळा जायलाच हवा, स्कॅन केलेले नवीन दस्तही त्यासोबत. बाकी विंडोज आणि प्रोग्रॅम आठवड्यानं मागे गेले तर काही बिघडत नाही.

आणि एकदा उभं करून बघा. एखाद्या जुन्या मशीनमध्ये रिकामी डिस्क टाकायची, पेन ड्राइव्हवरून चालू करायचं, बहिणीकडच्या ड्राइव्हवरून इमेज उतरवायची. टॅली उघडून एखाद्या पक्षकाराची खातेवही डोळ्यांनी वाचायची. चालू मशीनवर हा प्रयोग करू नका, त्यावरचा डेटा पुसला जाईल.

गावभागातला
पावसाळ्यासाठी आमचा नियम सांगतो. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही इतकी वाट बघत नाही. कोयनेचा विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला आणि पुलाजवळ ३० दिसले की त्या दिवसाचा बॅकअप करून ऑफिसातला ड्राइव्हही वर जातो. पाणी ४० वर येतं तेव्हा माणसं आणि सामान हलवायची धांदल असते, ड्राइव्ह कुणाला आठवत नाही.

खातेवही
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: दोन ड्राइव्ह आलटून-पालटून, दर शनिवारी बहिणीकडे. टॅली आणि नवे दस्त रोज संध्याकाळी वेगळे. आयर्विनला ३० फूट झाले की दोन्ही विश्रामबागला. येत्या रविवारी भावाला घेऊन जुन्या मशीनवर उभं करून बघणार आहे. हार्डवेअरवाल्यालाही धागा वाचायला दिला, त्याची कळी खुलली.

शेवटची एक शंका. ड्राइव्ह रस्त्यानं जाणार, घरी राहणार. लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे आहेत त्यात. रिक्षात राहिला तर?

वायरमन_नेटवर्कवाला
त्याला बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजमधल्याच ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या सोयीनं, कुलूप लावा. ऑफिसचं विंडोज प्रो असेल तर तिथूनच लागतं. होम आवृत्तीवर एक्स्टर्नल ड्राइव्हला नव्यानं कुलूप लावता येत नाही, पण लावलेलं पासवर्डनं उघडतं, त्यामुळे बहिणीकडच्या लॅपटॉपवर अडचण नाही. कुलूप लावताना ४८ आकडी रिकव्हरी की मिळेल. ती छापून घ्या, त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका आणि ड्राइव्हच्या पिशवीतही ठेवू नका. आणि रविवारच्या प्रयोगात एकदा ती की मुद्दाम हातानं घालून ड्राइव्ह उघडून बघा. बूट होणाऱ्या पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर काही प्रोग्रॅम कुलूपबंद ड्राइव्ह ओळखत नाहीत. तुमचा ओळखतो का, ते त्याच दिवशी कळेल.

खातेवही
बघते आणि रविवारी रात्री इथंच लिहिते.